पोटाखालची पत्री

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना मलकापूर मागं पडलं, की मोठा रस्ता सोडून वाड्यांकडे फुटणाऱ्या कच्च्या वाटा दिसायला लागतात. खाली काळा कातळ, वर जांभा, आणि पाऊस ओसरल्यावर वाळून घट्ट बसलेली तांबडी माती. २०२० ची दिवाळी नुकतीच झाली होती. मावसभाऊ पुढे, त्याच्या दोनशे सीसीच्या मोटरसायकलवर. मागे मी, माझ्या रॉयल एनफील्ड हिमालयनवर. ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या चाकोरीत कुणीतरी खड्डा भरायला म्हणून जांभ्याचा अर्धा चिरा टाकला होता. भावाचं पुढचं चाक त्यावरून गेलं, गाडी जरा खाली दबली आणि ‘टक्’ असा आवाज आला. एवढाच. तो थांबला नाही, मलाही त्याला थांबवावंसं वाटलं नाही.

लाल मातीवर इंजिन ऑइल काळं दिसत नाही. ओलसर, गडद तपकिरी दिसतं. त्यामुळे पुढे वाटेवर रेघ दिसली तेव्हा मला आधी वाटलं, कुणीतरी घागरीतून पाणी नेलं असेल. मग लक्षात आलं की ही रेघ वळणावळणाने भावाच्या चाकामागूनच चाललीये. हॉर्न वाजवत त्याला गाठला, गाडी बंद करायला लावली. दोघांनी मिळून ती एका अंगावर कलती केली. ऑइल काढायच्या बोल्टाशेजारी केसाएवढी चीर होती. इतकी बारीक, की बोटाने पुसल्यावर क्षणभर काहीच नाही असं वाटायचं, आणि मग तिथूनच एक थेंब हळूहळू फुगून यायचा.

पत्रा असता तर चेपला असता. इंजिनाचं कवच ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं. ते चेपत नाही, तडकतं. त्या संध्याकाळी एका पिकअपमध्ये गाडी आडवी बांधून मलकापूरला आणली, तिथून दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला. पुढे कवच बदलायचं म्हणून अर्धं इंजिन उघडावं लागलं. ऑइल संपायच्या आत इंजिन बंद केलं म्हणून आतला क्रँक आणि पिस्टन वाचले. आणखी दोन-तीन किलोमीटर तसाच गेला असता, तर उरलंसुरलं इंजिनही गेलं असतं.

घरी आल्यावर रात्री जेवण झाल्यावर मी पार्किंगमध्ये चादर अंथरून माझ्या गाडीखाली शिरलो. मोबाइलची बॅटरी लावली. गाडी घेऊन दीड वर्ष झालं होतं. रोज टाकी पुसायचो, साखळीला तेल घालायचो, आरसे फडक्याने चकचकीत करायचो. पोटाकडे एकदाही बघितलं नव्हतं. कंपनीतून येतानाच पुढच्या बाजूला एक प्लेट असते, तिच्यावर आठ-दहा ओरखडे होते. तिच्या मागे जिथे ती संपते, तिथेही फ्रेमच्या नळीवर एक चांगला चेपा होता. तो कधी बसला, कुठल्या वाटेवर बसला, मला काहीच आठवेना. त्या चेप्यावरून कितीतरी वेळ बोट फिरवत पडून राहिलो होतो.

इथून माझा इंजिनाचं पोट वाचवणाऱ्या प्लेटचा शोध सुरू झाला. ‘बॅश प्लेट’, ‘स्किड प्लेट’, ‘संप गार्ड’, ‘इंजिन गार्ड’, ज्याला जे सुचेल ते म्हणतो. आमच्या ग्रुपमध्ये नुसतं ‘प्लेट’. तेव्हा मला वाटायचं, हा जाडीचा प्रश्न आहे. जितकी जाड तितकी चांगली. म्हणून पहिली प्लेट मी ऑनलाइन मागवली ती फोटो बघून. जाड, काळी पावडर कोटिंग केलेली, दोन्ही बाजूंना पंखांसारखी वर वळलेली. बसवल्यावर गाडी एकदम रुबाबदार दिसायला लागली, हे कबूल करतो. पण पहिल्याच पावसाळ्यात तिने मला जे शिकवलं, ते कुठल्याही फोटोत दिसलं नसतं.

एक तर ती एका ठरावीक वेगाला झणझणायची. इंजिनाचा आवाज खाली जमिनीकडे जायच्या ऐवजी प्लेटवर आपटून परत कानाशी यायचा, आणि त्या गोंगाटात इंजिनाचा स्वतःचा आवाज ऐकू येईना. जो माणूस गाडी कानाने चालवतो, त्याला हे फार त्रासाचं आहे. साखळी सैल झालीये, टॅपेट वाजतंय, हे आधी कानालाच कळतं. दुसरं, तळाला चिखल निघून जायला जागाच नव्हती. गगनबावड्याच्या पावसात दोन दिवस फिरून आल्यावर प्लेट उघडली, तर आत चिखलाची वीट तयार झालेली. इंजिनाच्या उष्णतेने भाजून निघालेली, कडक. स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढावी लागली. ज्या इंजिनाला थंड राहायला हवेचाच मोठा आधार, त्याच्या पोटाला मी मातीचा लेप देऊन फिरत होतो. तिसरं, ऑइल बदलायचं तर सगळी प्लेट काढायची, आणि स्टीलचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटीत असे धरून बसले होते की दोन बोल्टांची डोकी कापावी लागली. दोन वेगवेगळे धातू, मधे पावसाचं पाणी, त्यात कोकणात उतरलो की खारी हवा. पांढरी भुकटी होऊन ते एकमेकांना चिकटतात. बसवताना चिमूटभर ग्रीस लावलं असतं तर एवढं झालं नसतं.

पण खरी गोष्ट चौथी. प्लेट काढल्यावर दिसलं, की पुढून ती फ्रेमला धरली होती, आणि मागून थेट इंजिनाच्या खालच्या कानाला, म्हणजे कवचालाच असलेल्या बोल्टाच्या जागेला. म्हणजे दगड प्लेटवर बसला की त्याचा धक्का बोल्टातून सरळ ज्या कवचाला वाचवायचं त्याच कवचात जाणार. त्या कानाशी एक बारीक रेघ दिसत होती. ती चीर नव्हती, ओतकामाची रेघ होती, हे दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने सांगितलं. त्या रात्री मात्र झोप लागली नाही.

मला आमच्या आजोबांचा सर्जा आठवला.

आमच्याकडे साखर कारखान्याला ऊस न्यायची बैलगाडी होती. हंगाम सुरू व्हायच्या आधी बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारायला माणूस यायचा. मी सात-आठ वर्षांचा असेन. बैलाला दोरात घेऊन आडवा पाडायचे, चारही पाय एकत्र बांधायचे, आणि तो माणूस खुरापाशी मांडी घालून बसायचा. आधी खूर तासून सपाट करायचा. त्याच्या सालपटांचा एक वेगळाच वास यायचा, जळक्या केसांसारखा. मग पत्री ठेवून बघायचा, काढायचा, हातोडीने जरा वाकवायचा, परत ठेवायचा. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ. आजोबा बैलाच्या डोक्याशी बसून त्याच्या मानेवरून हात फिरवत असायचे आणि नजर मात्र खिळ्यावर. एकच वाक्य ते दरवेळी बोलायचे: “नखात मार. मासात जाऊ देऊ नको.” खिळा खुराच्या मेलेल्या नखात बसला पाहिजे, तिरका होऊन बाहेरच्या अंगाला निघाला पाहिजे. आत जिवंत मांसाला लागला तर ज्या पत्रीने पाय वाचवायचा, तिनेच बैल लंगडा होतो.

प्लेटचं हेच आहे. ती फ्रेमच्या नळ्यांना धरली पाहिजे, इंजिनाला नाही. काही गाड्यांना इंजिनाच्या खालून फ्रेमची नळीच जात नाही, इंजिन स्वतःच फ्रेमचा एक भाग म्हणून लटकलेलं असतं. तिथे प्लेट धरायला जागा शोधणं कठीण जातं, आणि मग इंजिनाच्या कानांचा आधार घेतला जातो. अशा वेळी निदान मधे रबरी बुश हवेत आणि पट्टी अशी हवी की जोराचा मार बसला तर आधी पट्टी वाकेल. माझ्या गाडीला खाली पाळण्यासारख्या नळ्या आहेत. त्यांना क्लॅम्पने धरता येतं. हे कळल्यावर जाडीची चर्चा माझ्यापुरती मागे पडली. कुठलीही प्लेट हातात आली की मी ती उलटी करून आधी भोकं कुठे आहेत ते बघतो.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मी उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरकराला उद्यमनगर सांगायला नको. ओतकाम, लेथ, प्रेस, बेंडिंग, एका गल्लीत शिरलं की दुसऱ्या गल्लीतून यंत्र घेऊन बाहेर यावं अशी ती जागा. तिथे एका छोट्या शेडमध्ये साठीच्या पुढचे एक कारागीर भेटले. सगळे त्यांना मामा म्हणत होते, मीही म्हणालो. मी माझा कागद पुढे केला, त्यावर मोठ्या अभिमानाने ‘६ मिमी’ लिहिलं होतं.

मामांनी कागद बाजूला ठेवला. “पाव्हणं, गाडी कुठं कुठं फिरणार ते सांगा आधी.”

मी म्हटलं, आंबा, गगनबावडा, दाजीपूर, खाली कोकण. पुढच्या वर्षी हिमाचलातलं स्पिती.

“दगड उडून लागतोय का गाडी दगडावर बसतीया?”

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. पुढच्या चाकाने उडवलेली खडी म्हणजे हजारो छोटे फटके. त्यांनी सायलेन्सरच्या पाईपला, ऑइल फिल्टरला, नळ्यांच्या रंगाला मार बसतो. त्याला पातळ पत्राही पुरतो, फक्त तो पुढून नीट वर चढलेला हवा. गाडी दगडावर बसते तेव्हा मात्र एकच फटका असतो, माणूस आणि सामान धरून सगळं वजन एका टोकावर येतं, आणि ते टोक बहुतेक वेळा इंजिनाच्या मध्याच्या जरा मागे असतं, नेमकं जिथे पुष्कळ प्लेटी संपतात. हायवे आणि थोडा कच्चा रस्ता एवढंच ज्याचं फिरणं आहे, त्याला मी आजही सांगतो की कंपनीची प्लेट ठेव आणि पैसे टायरला घाल.

मग मामांनी खडूने शेडच्या फरशीवर हिशोब मांडला. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, वाकवायचा धरून साधारण एवढा पत्रा लागणार. ३ मिमीचं लोखंड घेतलं तर सव्वाचार किलोच्या आसपास. तेवढंच अ‍ॅल्युमिनियम ४ मिमीचं घेतलं तर दोन किलोच्या आत. पण मऊ नाही का पडणार, मी विचारलं. याचं उत्तर नंतर मी घरी वहीत पुन्हा मांडून बघितलं आणि चकित झालो. लोखंडाचा ताठपणा अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट, हे खरं. पण पत्रा वाकायला किती विरोध करतो, हे जाडीच्या घनावर जातं. ३ चा घन २७, ४ चा घन ६४. त्यामुळे ४ मिमीचं अ‍ॅल्युमिनियम ३ मिमीच्या लोखंडाच्या साधारण चार-पंचमांश ताठ, आणि वजनाला निम्म्याहून कमी. ५ मिमी घेतलं तर लोखंडालाही मागे टाकतं, तरी वजन अडीच किलोच्या आत. माझ्या ६ मिमीची गरजच नव्हती.

लोखंडाची बाजू घेणारेही आहेत आणि त्यांचं चुकत नाही. लोखंड दगडावरून घसरतं; अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने टोकदार दगड त्यात रुततो, खरवड काढतो, कधी गाडी क्षणभर अडकवतोही. लोखंड कुठल्याही गावात सरळ करता येतं, वेल्डिंग मारता येतं. अ‍ॅल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागतं, ते खेड्यात मिळत नाही. ज्याला महिनोन् महिने लांब हिंडायचं आहे, त्याने लोखंड घ्यावं असं मला वाटतं. घसरायला सगळ्यात चांगलं एचडीपीई, शेतात पाणी न्यायचे काळे पाईप ज्याचे असतात ते. ८ मिमी घेतलं तरी याच मापात दीड किलो भरत नाही, दगडावर आवाजही करत नाही, चेपलं तरी परत येतं. पण साधारण १३० अंशांना ते वितळतं, आणि सायलेन्सरचा पाईप त्याच्या कितीतरी पुढे तापतो. पाईप पोटाखालून जाणाऱ्या गाडीला ते वापरायचं तर मधे चांगलं अंतर आणि उष्णता अडवणारा पत्रा हवाच.

अ‍ॅल्युमिनियमही दोन तऱ्हेचं मिळतं, हे तिथे समजलं. एक ६०६१ नंबरचं, कडक केलेलं. ते मजबूत, म्हणून सगळे त्याचंच नाव घेतात. मामांनी त्याची एक पट्टी बेंडिंग मशीनवर माझ्यासमोर काटकोनात वाकवली आणि माझ्या हातात दिली. बाहेरच्या अंगाला, वळणाच्या अगदी माथ्यावर, संत्र्याच्या सालीसारखं खरबरीत झालं होतं आणि त्यात दोन बारीक भेगा. “ह्ये इथनं सुटणार,” ते म्हणाले. दुसरं ५०५२. जरा कमी कडक, पण वाकवलं तर गोलाईने येतं, तडकत नाही, पाण्याला आणि खाऱ्या हवेलाही चांगलं टिकतं. आम्ही ५०५२ घेतलं, ४ मिमी. आणि कुठेही काटकोन नाही. होडीच्या नाळेसारखी पुढून वर चढत जाणारी गोलाई.

मग दोन दिवस पुठ्ठ्याचे साचे. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापायचा, गाडीखाली जाऊन धरायचा, खूण करायची, परत कापायचा. इंजिन आणि प्लेट यांच्यात १५ मिमीची फट ठेवली. प्लेट दबेल हे धरूनच चालायचं असतं. दबायला जागा नसेल तर दगडाचा फटका आणि इंजिन यांच्यात नुसता पत्रा उरतो. ऑइलच्या बोल्टासमोर भोक ठेवलं, सॉकेट जाईल एवढं. पण तेवढ्या भोकातून लिंबाएवढा खडा आत जाऊन अडकला तर तोच बोल्टाला ठोकत राहणार, म्हणून त्यावर एक छोटं झाकण. बाकी चिखल निघायला तळाला लांबट चिरा ठेवल्या, करंगळी जाईल एवढ्या. पुढे वारा आत घ्यायला दोन खिडक्या. मागची कड किंचित वर वळवलेली, म्हणजे पायरीवरून उतरताना ती अडकणार नाही.

बोल्टांच्या डोक्यांवर मामांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. प्लेटच्या खालून बोल्टाचं डोकं बाहेर आलं, की पहिल्याच दगडाने ते घासून गोल होतं आणि मग कुठलीच चावी त्याला धरत नाही. त्यांनी प्रत्येक भोकाभोवती आर्गनने एक जाड कडं लावून घेतलं, डोकं त्या कड्याच्या आत लपेल असं. ते करून घेताना आपल्या मुलाला म्हणाले, “मार कड्यानं खाऊ दे.” नायलॉनवाले नट, एम ८ चे बोल्ट, क्लॅम्पच्या आत रबराची पट्टी. पाच बोल्ट, सगळे फ्रेमवर. एकही इंजिनावर नाही.

मजुरीचे पैसे देताना मी पत्र्या मारणाऱ्या माणसाची आठवण सांगितली. मामांचे वडील तेच काम करायचे. “मी ल्हान असताना पत्र्या घासायला बसवायचं,” एवढंच म्हणाले आणि हातातली कानस बाजूला ठेवली. मी पुढे काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही, पण निघताना शेडच्या बाहेर येऊन गाडी वळेपर्यंत उभे राहिले.

इथे एक गोष्ट आधी सांगायला हवी होती, ती राहून गेली. प्लेट हा शेवटचा उपाय आहे. माझ्या हिमालयन ४११ ला पोटाखाली २२० मिमी अंतर आहे, नव्या ४५२ सीसीच्या हिमालयनला २३०. हे आकडे रिकामी गाडी सपाट जमिनीवर उभी असतानाचे. माझ्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन २०० मिमी दबतं, मागचं १८०. म्हणजे पूर्ण दबलेल्या गाडीचं पोट जमिनीपासून किती उरतं, हा हिशोब कुणीही करू शकतं. त्यात मागे माणूस, दोन्ही बाजूंना बॅगा, वर तंबू, की गाडी उभ्यानेच खाली बसलेली असते. मागची स्प्रिंग सामानाप्रमाणे आधीच जरा जास्त दाबून ठेवली, म्हणजे तिचा प्रीलोड वाढवला, तर त्यातलं बरंचसं अंतर परत मिळतं, आणि ते चावीच्या चार वळणांत होतं. भावाच्या गाडीवर त्या दिवशी दोन भरलेल्या बॅगा होत्या आणि स्प्रिंग शोरूममधून आली तशीच होती. आम्हा दोघांनाही ते माहीत नव्हतं. आता कुणी मला प्लेटबद्दल विचारलं, की मी आधी त्याला सामानासकट गाडीवर बसवतो आणि मागून वाकून बघतो.

२०२२ च्या जुलैत स्पिती झालं. अटल बोगद्यामुळे आता लाहौलला सगळे सहज जातात, पण ग्राम्फूपासून बातलपर्यंतची वाट तेव्हा चंद्रा नदीच्या काठाने दगडांतूनच जात होती. आपला सह्याद्री आणि ती वाट यांचे दगड वेगळे, हे पोटाखालून कळतं. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या धारदार कडा, जांभ्याची खडबडीत टोकं, ते ओरबाडतात. तिकडे पाण्याने घोटलेले गोल गोटे. ते ओरबाडत नाहीत, सरकतात, चाकाखालून निसटून वर येतात आणि पोटावर आपटतात. सकाळी नाले ओलांडायला सोपे असतात. दुपारी ऊन चढलं की वरचा बर्फ वितळून त्याच नाल्याला पाणी दुप्पट होतं आणि तळ दिसेनासा होतो. एका गाडीचं पंक्चर काढण्यात आमची सकाळ गेली, आणि छत्रूच्या पुढे एका नाल्यात आम्ही दुपारी उतरलो.

मधोमध गाडी बसली. पुढचं चाक एका गोट्यावरून उतरलं आणि पोट त्यावर टेकलं. मागचं चाक पाण्यात नुसतं फिरत होतं. पाणी गुडघ्याच्या खालपर्यंत, इतकं गार की दोन मिनिटांत पाय आपले वाटेनात. मला भीती पाण्याची वाटत नव्हती. पोटाखाली काय चाललंय तेच डोक्यात होतं: सामानासकट सगळी गाडी एका दगडावर तोललेली, आणि तो दगड कुठे टेकलाय ते दिसत नाही. समोरून आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर आणि क्लीनर चपला काढून पाण्यात आले. एक शब्द न बोलता मागची पट्टी धरली, आम्ही दोघांनी पुढचं हँडल. ओढली तेव्हा प्लेट दगडावरून सरकल्याचा लांबलचक खरखर आवाज आला, हाडात जाणवणारा. पलीकडे गेल्यावर मी गाडी उभीही न करता खाली झोपलो. मागच्या अंगाला नवा चेपा होता. आतल्या फटीत बोट घालून बघितलं. १५ मिमीतले ११ उरले होते. इंजिनाला काही स्पर्श नव्हता. ट्रकवाला तोवर चपला घालून ट्रकवर चढला होता, त्याला नीट धन्यवादही देता आले नाहीत.

चांगली प्लेटही लक्ष मागते. दिवाळीनंतर सह्याद्रीत गवत वाळतं, आणि पाऊलवाटेने गेलं की प्लेट आणि सायलेन्सरच्या पाईपच्या मधे ते अडकून बसतं. एकदा दाजीपूरच्या अलीकडे मला जळकट वास आला, थांबून बघितलं तर मूठभर गवत धुमसत होतं. जंगलाच्या कडेला, नोव्हेंबरात. तेव्हापासून गवतातून बाहेर आलं की थांबून हात घालून साफ करायचं, हा नेम आहे. आणि प्लेट आहे म्हणून कुठल्याही वाटेने जायचं, असंही मी करत नाही. मसाईच्या पठारासारख्या सड्यांवर पावसाळ्यानंतर जी इवली फुलं येतात, त्यांना कुठलीच पत्री नसते. तिथे गाडी खाली लावून चालत जातो.

वर्षातून एकदा प्लेट पूर्ण उतरवून धुवायची, याला मी बेंदराचा, बैलांच्या सणाचा, दिवस धरलाय. आता गोठ्यात बैल नाहीत, एक म्हैस आहे, पण त्या दिवशी गावी सगळे जमतात. यंदा मी अंगणात पाचही बोल्ट काढून प्लेट उलटी टाकली आणि नळीने पाणी मारायला लागलो. कोपऱ्यांत साचलेलं थरांनी सुटत होतं. वर तांबडं, त्याखाली काळं, आणि अगदी कोनात, दोन पावसाळे होऊनही, चंद्रेच्या काठची ती राखाडी, पिठासारखी माती. आबा, माझे थोरले चुलते, खुर्ची ओढून जवळ बसले. ऐंशीच्या घरात आहेत, नजर अजून पक्की. त्यांनी ओली प्लेट मांडीवर घेतली आणि हात फिरवला.

“तू दगडाला कुठल्या अंगानं जातोस?” त्यांनी विचारलं.

मला कळलं नाही.

त्यांनी प्लेट उन्हाकडे तिरकी धरली. डावीकडे ओरखडे तुरळक. उजवीकडे जवळजवळ सगळं कोटिंग गेलेलं, पत्रा चकाकत होता, आणि मोठे चेपे तीनही त्याच बाजूला. म्हणजे दगड दिसला की मी नेहमी त्याच्या डावीकडून निघतो, तो माझ्या उजव्या अंगाने जातो. रस्त्याच्या डाव्या कडेने चालायची सवय जंगलातही हँडलमध्ये उतरलेली. आणि माझ्या गाडीचा सायलेन्सरचा पाईप उजव्याच बाजूने जातो.

आबा उठून आत गेले आणि खुंटीवरची जुनी तार घेऊन आले. तीत सर्जाच्या झिजलेल्या पत्र्या ओवलेल्या होत्या. आजोबांनी का ठेवल्या होत्या कोण जाणे. त्यांनी एक माझ्या हातात दिली. बाहेरची कड कागदासारखी पातळ, आतली मात्र होती तेवढी जाड. “सर्जा बाहेरनं पाय टाकायचा,” आबा म्हणाले. “मग त्येच्या पत्र्या त्या अंगाला जाड करून आणायच्या.”

पुढच्या सोमवारी मी प्लेट घेऊन उद्यमनगरात गेलो. मामा आता शेडमध्ये कमी येतात, मुलगा बघतो. पण त्या दिवशी होते. प्लेट बघून ते काही बोलले नाहीत. खडू घेतला, उजव्या कडेला बोटभर अंतर सोडून एक रेघ ओढली, पाईपाच्या वळणाशी ती जरा फुगवली आणि माझ्याकडे बघितलं.

“चाळीस मिमी वाढवूया?”

“वाढवा.”

त्यांनी रेघेखाली ४० लिहिलं आणि मुलाला पत्रा काढायला सांगितलं.